वेखंड नाही

काका, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायचा अधिकार माझा आहे असं मला वाटत नाही. तुमचा मुलगा आहे, पलटणीतले सोबती आहेत, सकाळी तुमच्यासोबत फिरायला येणारी कॉलनीतली माणसं आहेत. मी फक्त तुमच्या मागच्या खोलीत अकरावी-बारावीची वर्षं राहिलेला भाडेकरू. आमच्या घरात सलग पानभर लिहिणारा मी पहिलाच, आणि मीही आजवर लिहिलं ते परीक्षेतच. तिथे प्रश्न छापून आलेला असतो. इथे प्रश्न काय आहे तेच धड कळत नाही, आणि तरी लिहायला बसलो आहे. सांभाळून घ्या.

तुमची तेरवी झाली आणि मी अमरावतीहून रेल्वेनं अकोल्याला परत आलो. बडनेरा गेलं तरी उभाच होतो. मूर्तिजापूरला जागा मिळाली आणि बसल्याबरोबर झोप लागली. सध्या असंच होतं. रडू येईल असं वाटलं होतं, पण येते ती झोप. होस्टेलवर, मेसच्या बाकावर, प्रॅक्टिकलला रांगेत उभं असतानासुद्धा डोळे मिटतात. मित्र म्हणतात, जागरण करतोस का. मी नाही म्हणतो. खरंच करत नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर काकू अंगणात तुमच्या वाफ्यापाशी उभ्या होत्या. मी भांडी आत नेत होतो. त्यांनी मला थांबवलं.

"तू त शिकून राहिला ना हेच? मंग खरं सांग मले. या गवताले फूल येते का?"

एक तर मला ते ठाऊक नव्हतं. आणि जे थोडंफार ठाऊक होतं ते काकूंना सांगायचं नाही, असं तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. "पाहतो, काकू," एवढं म्हणून मी पातेलं घेऊन आत गेलो. त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या ते मी पाहिलं नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. बाबा मला घेऊन अकोटहून आले होते. खोली दाखवा म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "खोली कुठी पळून नाही जात. आधी हे पाहा." आणि आम्हाला या वाफ्यापाशी आणलं. विटांच्या तुकड्यांचा आणि मुरमाचा उंचवटा, त्यावर हातपंख्यासारखी पसरलेली हिरवट-राखाडी पानं, पावलाएवढीही उंच नाहीत. बाबांनी शेतकऱ्याच्या नजरेनं वाकून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "वेखंड लावलं वाटते."

तुमचा चेहरा पडला. "वेखंड नाही," तुम्ही म्हणालात.

बाबा ओशाळले. त्यांना वाटलं खोली हातची गेली. मलाही तसंच वाटलं. पण तुम्ही आम्हाला चहा पाजला आणि त्या चहासोबत सगळी हकीकत सांगितली. डोंगरातलं ते ठाणं, दगडी भिंत, भिंतीच्या पायथ्याशी बर्फ वितळलं की उगवणारी बुटकी रोपं, आणि त्यांना येणारी जांभळी फुलं. साहेबांच्या बाईंनी तुम्हाला त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं. आयरिस तेवढं तुमच्या ध्यानात राहिलं, पुढचं तुम्ही मराठीत करून ठेवलं होतं, बुटका दाढीवाला. खालच्या पाकळ्यांवर केसांची एक पट्टी असते, सुरवंटासारखी, तीच दाढी. कॉलनीतली पोरं तुमच्या मागे तुम्हालाच बुटका दाढीवाला म्हणायची. तुम्हाला ते माहीत होतं, आणि मला वाटतं ते तुम्हाला आवडायचंही.

निवृत्त होताना तिथल्या माळ्याकडून तुम्ही काही गड्डे मागून घेतले आणि काळ्या ट्रंकेत वर्दीच्या घड्यांमध्ये ठेवून आणले. इथे आल्यावर आपल्याकडचा कोणीही करील तेच तुम्ही केलं. गड्डा आल्यासारखा दिसतो, हळदीसारखा दिसतो, म्हणून हळदीसारखा खोल लावला, वर मातीची भर दिली, पाणी सोडलं. काळ्या मातीत पावसाळ्याभरात बहुतेक सगळे सडले. वाचले त्यांची पाठ चुकून उघडी पडली होती म्हणून वाचले. तेव्हापासून तुम्ही मातीच बदलली. गड्डे वर, उन्हात पाठ टाकून. काकू म्हणायच्या, कासवं पाळली आहेत. पाऊस जोराचा असला की तुमची फौजेतली मोठी छत्री वाफ्यावर बांधलेली असायची आणि तुम्ही स्वतः बाजारातून भिजत यायचात.

शेजारच्या ढोले मावशींची गोष्ट मी अजूनही होस्टेलवर सांगतो. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. एका सकाळी त्या वाटी घेऊन फाटकाशी आल्या.

"भाऊजी, वेखंडाचा एक तुकडा द्या. बाळाले सर्दी झाली, उगाळून लावतो."

"ताई, हे वेखंड नाही."

"मंग काय हाये?"

"आयरिस."

"आयरिश? इंग्रजी वेखंड?"

"वेखंडच नाही. याचा गड्डा पोटात गेला त उलट्या होतीन. लहान लेकराजवळ न्यायचंच नाही."

"द्याचं नसन त नाही म्हना ना सरळ. तुकड्यानं काय मोठा डोंगर खचणार होता." आणि त्या वाटी वाजवत गेल्या.

तुम्ही सायकल काढली, काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड आणलं आणि त्यांच्या दारात नेऊन दिलं. त्या दिवसापासून कॉलनीत असं ठरलं की फौजी काकांकडे वेखंड आहे, पण ते स्वतःचं देत नाहीत, विकत आणून देतात. मग तुम्ही एका पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलं, 'वेखंड नाही', आणि पत्रा वाफ्यात रोवला. मी म्हटलं, काका, काय नाही ते लिहिलंत, काय आहे ते लिहा. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "काय हाये ते फूल आल्यावर लिहीन."

वेखंड नाही एवढं मात्र आपण दोघांनी पक्कं केलं होतं. मी बारावीत असताना नाल्याकाठचं वेखंडाचं पान आणलं होतं. चुरगाळलं की उग्र वास, आणि पानाच्या एका अंगानं उठून आलेली शीर. तुमचं पान सपाट, सुरीच्या पात्यासारखं, शीर नाही, वास नाही. तुम्ही ते पान दिवसभर नाकाशी धरून फिरलात आणि काकूंनाही हुंगायला लावलंत. काकू म्हणाल्या, "वासबी नाही, फूलबी नाही. मंग हाये तरी काय याच्यात?"

त्याच्या पुढची ओळख पटवणं माझ्या आवाक्यात नव्हतं. बुटकं आहे की नुसतं उपाशी राहिल्यानं खुजं झालंय, दाढीवालं आहे की दुसऱ्या जातीचं, हे फुलावाचून सांगता येत नाही. दांडा किती उंच येतो, फूल पानांच्या वर निघतं का, दाढी आहे का, असेल तर कोणत्या रंगाची, हे सगळं फुलावर असतं. आणि फूल येत नव्हतं. मी अकोल्याला उद्यानविद्येला आलो तेव्हा तुम्ही मला शास्त्रज्ञ म्हणायला लागलात, फोन उचलला की पहिला शब्द तोच. पण आमच्या अभ्यासात गुलाब, शेवंती, निशिगंध. आयरिसला जेमतेम एक ओळ. सरांना विचारलं. ते म्हणाले, या झाडाला कळी धरायला थंडी लागते, चांगली लांब थंडी, तुमच्या वऱ्हाडात पानं जगली हेच खूप आहे. मी ते जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. आता वाटतं जरा वळसा घेऊन सांगता आलं असतं.

"इथं तुही काकू नांदली, त फूल काहून नाही नांदणार?"

मागून काकूंचा आवाज आला, "मले काय डोंगरातून आणलं का? मी अकोटचीच हाये."

त्या जानेवारीत तुम्ही फ्रिजमधला बर्फ वाफ्यावर टाकायला सुरुवात केलीत. रोज सकाळी, ट्रे उलटा करून. काकू चिडायच्या, पाव्हण्यांच्या सरबताला बर्फ नाही अन् गवताला बर्फ. तुम्ही म्हणायचात, "ड्यूटी आहे." फूल आलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. तुम्ही वाफ्याच्या विटांवर बसला होता, काकू देवळात गेल्या होत्या. तुम्ही बराच वेळ मुरमातले खडे उचलून बाजूला टाकत राहिलात. मग सांगितलंत. सुट्टीवर आलात की काकू विचारायच्या, तिकडं कसं असते. त्या तेव्हा अकोटला, तुमच्या आईवडिलांकडे, दोन लेकरं घेऊन. तिकडचं सांगण्यासारखं काही नव्हतं. थंडी होती, एकटेपण होतं, शेजारच्या पलंगावरचा माणूस एक दिवस परत आला नाही असंही होतं. ते तुम्ही कधी सांगितलं नाही. तुम्ही फुलांचं सांगितलं. वर्षातून काही दिवस भिंतीपाशी दिसणारं तेवढंच. काकू तुरी निवडत ऐकायच्या, आणि एकदा त्या म्हणाल्या, "मी इकडं तुमच्या मायच्या हाताखाली, अन् तुमी तिकडं फुलं पाहाले गेल्ते."

"तिले वाटते मी बागेत होतो," तुम्ही मला म्हणालात. "तिच्या डोक्यात मोठा बगीचा हाये. म्या हजार वेळा सांगतलं, एवढंसं फूल होतं, एवढंसं. बोटानं दाखवलं. तिले खरं नाही वाटत. एक वेळ तिनं पाहावं, बस. मंग काही बोलाचं नाही मले."

मग तुम्ही उठून पाण्याचा नळ बंद करायला गेलात.

गेल्या दसऱ्याला मी आलो तेव्हा चिखलदऱ्याचं काढलं. ते मी आधीही काढलं होतं आणि तुम्ही उडवून लावलं होतं. माझ्या वर्गातल्या सविताचं गाव चिखलदऱ्याच्या पलीकडे आहे. तिच्या घरामागे दगडी बांध आहे, हिवाळ्यात पहाटे दव गोठून गवत पांढरं होतं. मी म्हटलं, एक गड्डा द्या, तिची आजी लावील. या वेळी तुम्ही वाद घातला नाही. खुरपं घेऊन स्वतः बसलात. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुम्ही वाद घालत नाही म्हणजे थकला आहात, असं तेव्हा मनात आलं आणि मी ते पुढे नेलं नाही.

वाद मग माझ्यामुळेच झाला. गड्डा धुताना मी पानांचं बूड पुसलं. ते हिरवं होतं, स्वच्छ हिरवं. मी वाचलं होतं की जांभळ्या फुलांच्या पुष्कळ जातींमध्ये पानाच्या बुडाशी जांभळी छटा उतरते. नसली म्हणजे फूल जांभळं नाहीच, असं म्हणता येत नाही. पण शंका येते. मी शंका बोलून दाखवली.

"म्या डोळ्यानं पाह्यलं," तुम्ही म्हणालात.

"काका, तुम्ही तिथली फुलं पाहिली. पण गड्डे काढले तेव्हा फुलं संपली होती ना? माळ्यानं बाजूचा गड्डा काढला असेल."

"तू पुस्तकात पाहून राहिला. मी तिथं उभा होतो."

"मी नक्की म्हणत नाही. फक्त..."

"मंग म्हणू नको."

तुम्ही गड्डा माझ्या हातातून घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, वर वर्तमानपत्र, वर सुतळी, गाठ अशी की सविताला ती कात्रीनं कापावी लागली. पिशवी देताना आवाज खाली आणलात. "तुह्या काकूले सांगू नको. आलं त दाखवू. नाही आलं त काही गेलंच नव्हतं." रंगाचा विषय त्यानंतर आपण काढला नाही. फोनवरही नाही. दिवाळीत तुम्ही विचारलं, जगलं का. मी म्हटलं, जगलं. संक्रांतीला विचारलं, थंडी पडली का तिकडे. मी म्हटलं, पडली. तुम्ही म्हणालात, "मले बी पडून राहिली इथं," आणि हसलात. त्या हसण्यात खोकला होता.

मग फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. माझी प्रॅक्टिकल सुरू होती. निघालो, गाडी चुकली, बसनं आलो. तुम्ही अंगणात होता, तुम्हाला वाफ्याकडे पाय करून ठेवलं होतं. कोणी मुद्दाम ठेवलं नसणार, दारातून तेवढीच जागा होती. 'वेखंड नाही'चा पत्रा कोणीतरी उपटून भिंतीला टेकवला होता, लोकांच्या पायाला लागू नये म्हणून. मी तो दुसऱ्या दिवशी परत लावला. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

तुमचे आभार मानायचे होते ते राहून गेलं. अकोल्याच्या फॉर्मवर पसंतीक्रम भरताना मी गोंधळलो होतो आणि तुम्ही माझ्या बाबांना फोन करून म्हणाला होता, "पोट्टा झाडापाशी शांत बसते, त्याले झाडातच टाका." आमच्या घरात कोणाला यातलं काही कळत नव्हतं. मी आज जे शिकतो आहे ते त्या एका वाक्यावर. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण आपल्याकडे असं तोंडावर सांगत नाहीत, आणि सांगायला गेलो असतो तर तुम्ही "चल, फाल्तू" म्हणून उठून गेला असता. तरीही सांगायला हवं होतं.

हे सगळं मी काल लिहून ठेवलं होतं आणि इथेच थांबणार होतो. पण आज पुढचं लिहावं लागतं आहे.

सविता शिवरात्रीपासून गावी होती. तिच्या गावात रेंज नाही, परतवाड्याला उतरल्यावरच फोन लागतो. आज दुपारी तिचा निरोप आला, सोबत दोन फोटो. मी लॅबच्या पायरीवर बसलो आणि बघत राहिलो. मग वर्गात गेलोच नाही, सरळ स्टँडवर आलो आणि अमरावतीची बस धरली. काकूंना फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आलं तर दाखवू, असं आपलं ठरलं होतं.

काका, फूल आलं. दाढी आहे, केशरी, अगदी सुरवंटासारखी. सविता म्हणते दोन दिवस राहिलं आणि मिटलं, बाजूला अजून एक कळी आहे. जातीचं नाव मला सांगता येणार नाही, अशा हजारो जाती असतात आणि पाटी नसताना नाव लावू नये. रंग पिवळा आहे. माझी शंका खरी ठरली आणि मला ते अजिबात नको होतं. बसमध्ये सगळा वेळ मी हेच घोकत होतो की काकूंना रंगाचं कसं सांगायचं.

काकू पडवीत बसल्या होत्या. मी चिखलदऱ्याचं सगळं सांगितलं, तुम्ही सांगू नको म्हणाला होता तेही. त्या रागावल्या नाहीत. चष्मा मागितला. मी पहिला फोटो दाखवला.

"हे?"

"हो."

"ते त जांभळं सांगत."

"पिवळं आलं, काकू. त्यांनी जांभळंच पाहिलं असणार. गड्डा बाजूचा निघाला."

"असन," काकू म्हणाल्या. "चुकले असतीन. खोटं नाही बोलत ते." रंगाचं एवढ्यावर संपलं. त्यांनी फोन जवळ घेतला. फोटो जवळून काढलेला, फूल पडद्याच्या कडेपर्यंत भरलेलं. "चांगलं मोठं हाये. कर्दळीएवढं. मी म्हणतच होती, बगीचा असन तिकडं मोठा."

मी दुसरा फोटो काढला. त्यात सविताच्या आजीनं फुलाच्या बाजूला जमिनीवर हात उभा धरला आहे, मोजायला. दांडा, पानं, फूल, सगळं तिच्या बोटांच्या टोकाशी संपतं. मागे नुसते दगड आणि वाळलेलं गवत, दुसरं काही नाही.

काकूंनी तो फोटो खूप वेळ पाहिला. फोटो मोठा करता येतो हे त्यांना ठाऊक नाही आणि मी करून दिला नाही. मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि फोनशेजारी, पडवीच्या फरशीवर, तसाच उभा धरून पाहिला.

"एवढंसंच होतं?"

"एवढंसंच, काकू."